सरपंचाच्या डिजिटल सहीचं डोंगल कोणाच्या खिशात असावं?

नवी_कारभारीण | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार. एरवी मी इथे लोणच्यांचे धागे वाचते आणि गुपचूप निघून जाते. आज पहिल्यांदाच स्वतः लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी आमच्या गावची सरपंच झाले. जागा महिला राखीव. घरच्यांना सहीपुरतं कोणीतरी हवं होतं म्हणून मला उभं केलं, मला मात्र खरंच काम करायचंय. परवाच्या मासिक सभेत मी विचारलं, पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचं बिल कधी निघणार? ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात जुनंच बसलंय) म्हणाले, "ते गेल्याच महिन्यात निघालं मॅडम, तुमचीच सही आहे." मी म्हटलं, माझ्यासमोर तर कागदच आला नाही. सगळे हसले. सही डिजिटल, तिचं डोंगल (ज्यातून ती सही होते ते पेनड्राइव्हसारखं यंत्र) आमच्या सेवा केंद्रातल्या ऑपरेटर पोराच्या ड्रॉवरमध्ये, पिनही त्यालाच पाठ.

मग लख्ख आठवलं. निवडून आल्यावर पंधरा दिवसांत त्याने मला मोबाईलसमोर बसवून आधार-पॅन हातात धरायला लावलं होतं, नाव बोलायला लावलं होतं. मला वाटलं, पंचायत समितीला काहीतरी माहिती पाठवायची असेल. ती माझ्या सहीची तयारी होती!

पोरगा वाईट नाही हो. रात्री दहाला फोन केला तरी उचलतो. पण झोप उडालीय. हे डोंगल मी मागू शकते का? आणि मी नसताना झालेली सही माझी की त्याची?

काळा_कोट | सोमवार, रात्री १०:२५

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कडू आहे. सही तुमची.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ५ म्हणतं की जिथे कायद्याला सही हवी तिथे डिजिटल सही चालते. त्याच कायद्याचं कलम ४२ फारसं कोणी वाचत नाही. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, त्याने आपली खाजगी किल्ली (सही करणारा डोंगलमधला गुप्त आकडा) ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घ्यायची, ती दुसऱ्याला कळू द्यायची नाही, आणि ती हातची गेल्याची शंका आली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. खाली एक स्पष्टीकरण जोडलंय: तसं कळवेपर्यंत जबाबदारी प्रमाणपत्रधारकाचीच. म्हणजे उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि तुम्ही म्हणालात "मी नव्हतेच", तर पहिला प्रश्न येणार, मग आठ महिने गप्प का होता?

दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा कपटाने वापरणाऱ्याला कलम ६६सी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण तुमच्या पोराचा कपटाचा हेतू दिसत नाही, आणि पिन तर तुमच्या नकळत का होईना त्याच्याकडे पहिल्यापासूनच आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मागू शकता का असं विचारूच नका. उद्या सकाळी मागा.

बारनिशी | मंगळवार, सकाळी ६:१०

मी महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. डोंगल नवं आहे, रोग जुना आहे. आमच्या काळी दौऱ्यावर जाणारे साहेब कोऱ्या कागदांवर खाली सह्या करून ठेवायचे, "मजकूर तुम्ही घाला." रबरी सहीचा शिक्काही असायचा, तो शिपायाच्या टेबलावर. एकदा अशाच एका कोऱ्या सहीवर कोणीतरी बदलीची विनंती टाइप करून धाडून दिली. साहेबांना स्वतःच्या बदलीचा आदेश आल्यावर कळलं.

शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी मर्यादा मुद्रा असे, 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला, याखाली कोणी एक ओळ घुसडली तर ती राजाची नव्हे. वरची मोठी मुद्रा सांगते पत्र कोणाचं, खालची सांगते ते कुठपर्यंत. डिजिटल सहीत ही दोन्ही कामं एकच गोष्ट करते असं मुलगा सांगतो. कशी, ते जाणकारांनी लिहावं.

किल्लीवाला | मंगळवार, सकाळी ९:४०

बारनिशीकाका, मुद्रेचा दाखला चोरतोय, आमच्या कार्यालयातल्या प्रशिक्षणात वापरणार.

कसं चालतं ते सांगतो. डोंगलमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. खाजगी किल्ली डोंगलच्या चिपमध्येच जन्मते आणि तिथून कधी बाहेर येत नाही. तिची प्रत काढता येत नाही, ईमेलने पाठवता येत नाही. दुसरी सार्वजनिक, ती प्रमाणपत्रात तुमच्या नावाबरोबर छापलेली असते आणि जगाला दिसली तरी हरकत नाही. तुम्ही बिल मंजूर करता तेव्हा संगणक त्या सगळ्या मजकुराचा एक ठसा काढतो. मजकूर एका ओळीचा असो की पाचशे पानांचा, ठसा २५६ बिटांचाच. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा चिपमध्ये जातो आणि खाजगी किल्लीने शिक्कामोर्तब होऊन बाहेर येतो. तपासणारा सार्वजनिक किल्लीने तो उघडतो, मजकुराचा ठसा स्वतः पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळवतो. जुळले तर कोणाचं तेही कळलं आणि कुठपर्यंत तेही. काका, तुमच्या दोन्ही मुद्रा एकाच ठशात आल्या.

आता यात माणूस कुठे आहे? फक्त पिनमध्ये. चिपला ताईंचा चेहरा माहीत नाही, पिन बरोबर आला की ती सही करते. म्हणून "डोंगल त्याच्याकडे राहू दे, पिन मी सांगते" किंवा उलटं, दोन्ही अर्धवट. त्यातही बरेच दुकानदार डोंगलसोबत येणारा मूळ पिनच ठेवतात, १२३४५६७८. ताई, तुमचा तोच असेल अशी माझी पैज.

अर्जात मोबाईल नंबर आणि ईमेल कोणाचा दिलाय तेही बघा. ओटीपी तिकडे जातात. प्रमाणपत्र रद्द करायची वेळ आली तर ते तुमच्या हातात हवं.

नवी_कारभारीण | मंगळवार, दुपारी १:०५

पैज जिंकलात. पिन १२३४५६७८ च. मोबाईल नंबर माझा आहे, ईमेल ग्रामपंचायतीचा. ती ईमेल म्हणजे जीमेल, आणि तिचा पासवर्ड कार्यालयातल्या कॅलेंडरवर पेनने लिहिलाय, गणेश चतुर्थीच्या चौकोनात.

केंद्रचालक | मंगळवार, दुपारी २:३०

मी दुसऱ्या जिल्ह्यातला ऑपरेटर. बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

आम्हाला काय हौस आहे का लोकांच्या सह्या सांभाळायची? माझ्या ड्रॉवरमध्ये तीन ग्रामपंचायतींची सहा डोंगलं आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलंय. का? कारण वित्त आयोगाचे पैसे ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरूनच निघतात, चेक नाही. आधी ग्रामसेवकाची सही, मग सरपंचाची. एकाची राहिली की बिल अडकलं. ३१ मार्चच्या रात्री सर्व्हर रांगतोय, सरपंच लग्नाला गेलेत, ठेकेदार दारात बसलाय, पंचायत समितीतून फोनवर फोन, "तुमच्या गावाचा बंधित (ठरलेल्या कामांवरच करायचा) खर्च शून्य कसा?" त्या वेळी कायद्याचं कलम कोणी विचारत नाही, ऑपरेटर कुठे मेला ते विचारतात.

सरपंच बदलला की जुन्याची नोंदणी काढायची, नव्याचं डोंगल घ्यायचं, पोर्टलवर नोंदवायचं, वरून मंजुरी आणायची. हे सगळं मीच करतो. डोंगलचे पैसे कधी ग्रामपंचायत देते, कधी माझ्या खिशातून जातात. आणि मानधन तीन-चार महिन्यांनी.

ताईंनी डोंगल मागावं, जरूर मागावं. फक्त मागितल्यावर स्वतः यावंही लागेल. तेवढं मनाशी ठरवा.

काळा_कोट | मंगळवार, दुपारी ३:१५

केंद्रचालक, तुमचं दुःख खरं आहे, पण ड्रॉवरमधली ती सहा डोंगलं तुमच्याच गळ्यातला फास आहेत. सही तुम्ही केली हे संगणकाच्या नोंदींतून निघू शकतं. आक्षेप आला की सरपंच म्हणणार "मला माहीत नाही", ग्रामसेवक म्हणणार "माझी सही माझ्या टप्प्यापुरती". मधे उरतं कोण?

केंद्रचालक | मंगळवार, दुपारी ३:४०

हे मला कोणी आजपर्यंत सांगितलं नव्हतं. खरंच.

खडी_डांबर | मंगळवार, सायंकाळी ६:२०

मी निविदा भरणारा. दुसऱ्या बाजूची गंमत सांगतो. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, निविदा भरताना आमची सही तर लागतेच, पण आमचं दरपत्रक ज्यांनी उघडायचं त्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी बंद होतं. चार उघडणारे नेमले असतील तर त्यातले दोघे हजर लागतात. एकटा साहेब आदल्या रात्री डोकावू शकत नाही. लाखेच्या सीलपेक्षा हे बरं. त्या काळी वाफेवर पाकिटं उघडल्याच्या गोष्टी आम्हीही ऐकल्यात.

पण एका ठिकाणी दोनच उघडणारे नेमले होते. त्यातल्या एकाची बदली झाली, जाताना त्याने डोंगल फॉरमॅट करून दुसऱ्याला दिलं, "रिकामं आहे, वापरा" म्हणून. दर आत, किल्ली गेली. फेरनिविदा! आमचे पंधरा दिवस आणि सिमेंटचा जुना भाव, दोन्ही पाण्यात.

किल्लीवाला | मंगळवार, रात्री ८:००

यातला बारकावा बऱ्याच कार्यालयांना ठाऊक नसतो. सहीचं प्रमाणपत्र वेगळं, कुलुपाचं वेगळं. कुलूप म्हणजे टपालपेटी समजा. पत्र कोणीही आत टाकू शकतं, काढू शकतो फक्त किल्लीवाला. सहीची किल्ली हरवली तर फार बिघडत नाही, जुन्या सह्या तपासायला सार्वजनिक किल्ली पुरते, नवं प्रमाणपत्र काढा. कुलुपाची किल्ली हरवली तर जुनं सगळं कायमचं बंद. म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपली तरी ते डोंगल पुसायचं नाही, कपाटात ठेवायचं.

दिल्लीकर_मावळा | मंगळवार, रात्री ९:३०

नेमकं हेच आमच्याकडे ईमेलमध्ये झालं. केंद्राच्या एका कार्यालयात आहे, नाव नको. भारत सरकारच्या ईमेल धोरणात गोपनीय-संवेदनशील मजकुरासाठी डिजिटल सही आणि कूटबद्धता (मजकूर किल्लीने कुलूपबंद करणं) वापरा असं म्हटलं होतं. आम्ही उत्साहाने सुरू केलं. पद्धत साधी: आधी तुम्ही मला सही केलेलं पत्र पाठवायचं, त्यातून तुमची सार्वजनिक किल्ली माझ्याकडे येते; मग मी तुम्हाला बंद पत्र पाठवू शकतो. ब्राउझरमध्ये मेल उघडून हे होत नाही, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये डोंगल जोडावं लागतं. थंडरबर्डला तर भारताचं मूळ प्रमाणपत्र हाताने शिकवावं लागलं.

दीड वर्ष छान चाललं. मग एका वरिष्ठांनी तीनदा चुकीचा पिन घातला, मग अजून घातला, डोंगल लॉक. सपोर्टच्या पोराने फॉरमॅट करून दिलं. नवं प्रमाणपत्र आलं, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी जुना पत्रव्यवहार उघडायला गेले तर दीड वर्षाची बंद पाकिटं, एकही उघडेना. तेव्हापासून विभागात कूटबद्धता म्हटलं की लोक कानाला हात लावतात. मला मात्र राग येतो तो सहीही सोडून दिल्याचा. तिला तर काहीच झालं नव्हतं!

लोकांचा दुसरा गैरसमज: सही केलं म्हणजे मेल गुप्त झाली. नाही. सही केलेली मेल कोणीही वाचू शकतो, फक्त बदलू शकत नाही. आणि कुलूप लावलं तरी विषयाची ओळ बहुधा उघडीच असते. आमच्याकडे एकाने आतला मजकूर कडेकोट बंद करून विषयात लिहिलं होतं, "अमुक अधिकाऱ्याविरुद्धच्या विभागीय चौकशीबाबत."

नवी_कारभारीण | मंगळवार, रात्री १०:१०

मेलचा विषय निघालाच आहे तर. मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या मेलवर "गटविकास अधिकारी" या नावाने पत्र आलं होतं: सर्व सरपंचांच्या डीएससीचा (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा) तपशील, आधारची प्रत आणि पिन तातडीने पाठवा. आमचा पोरगा पाठवणार तेवढ्यात लाइट गेली. खोटं असेल का?

दिल्लीकर_मावळा | मंगळवार, रात्री १०:२०

पिन मागितला तिथेच खोटं ठरलं. पिन कोणालाच लागत नाही, गटविकास अधिकाऱ्यांनाही नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी मी उद्या "मुख्य सचिव" लिहू शकतो. नाव बघू नका, आत पूर्ण पत्ता बघा. सरकारी मेल जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनवरून येते. आणि शंका आली तर पत्रातला नंबर नाही, तुमच्या वहीतला नंबर फिरवा.

महावितरणचे आभार माना :)

बांधावरचा | बुधवार, सकाळी ७:४५

धाग्याला फाटा फोडतो, माफी. मी पंधरा रुपये भरून महाभूमीवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. मोबाईलवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आलं. सोसायटीचा सचिव म्हणतो, सही खोटी आहे, शिक्का मारून आण. कोण बरोबर?

बारनिशी | बुधवार, सकाळी ८:३०

सचिव चूक. १ मे २०१८ ला हा डिजिटल सातबारा सुरू झाला, तो तलाठ्याकडे हेलपाटे वाचावेत म्हणूनच. वर पुन्हा शिक्का मागणं म्हणजे सरबतात साखर आहे का ते बघायला वरून गूळ टाकणं.

किल्लीवाला | बुधवार, सकाळी ९:५०

प्रश्नचिन्हाचा अर्थ "खोटी" नाही, "ही सही ज्याने प्रमाणित केली त्याला मी ओळखत नाही" एवढाच. आपल्याकडे सर्वात वर प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, म्हणजे सीसीए. ते परवानाधारक संस्थांना प्रमाणित करतात, त्या संस्था तलाठ्याला. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत सीसीएचं मूळ नसेल तर तो खांदे उडवतो. संगणकावर सहीवर टिचकी मारून प्रमाणपत्राची साखळी उघडा, सर्वात वरचं सीसीए इंडियाचं आहे ना ते पाहा, आणि विश्वास त्या वरच्यावर टाका. सरसकट समोर येईल त्यावर "विश्वास आहे" करू नका. खोट्या प्रमाणपत्रावरही हिरवी खूण आणता येते ती अशीच. लाल फुली आली आणि "सही केल्यानंतर दस्तऐवज बदलला" असं आलं तर मात्र सावध.

आणि प्रिंट काढली की डिजिटल सही संपली. कागदावर उरतं ते तिचं चित्र. सचिवांना प्रिंट तपासायची असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक पोर्टलवर टाकायला सांगा.

साखळीची वरची कडी ढिली झाली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या) प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गुगलने उघड केलं. सीसीएने ती साखळी रद्द केली, क्रोमने भारतीय मुळावरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता आवळला. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं हे, मग चिकटपट्टी लावलेल्या ड्रॉवरचं काय घेऊन बसलात.

दिल्लीकर_मावळा | बुधवार, सकाळी १०:३०

ताई, डोंगलशिवायही एक वाट आहे, आधारच्या ओटीपीवरची ई-साइन. २०१५ पासून कायद्याने चालते. तिच्यात किल्ली एकाच सहीपुरती तयार होते आणि लगेच नष्ट होते, सांभाळायला काही उरत नाही. पण ते पोर्टलने स्वीकारायला हवं. पैसे काढायला तुम्हाला डोंगलच लागणार.

नवी_कारभारीण | शुक्रवार, रात्री ९:१५

अपडेट देते.

बुधवारी कार्यालयात गेले. भाषण न देता सरळ म्हटलं, "माझं डोंगल दे रे, आणि पिन कसा बदलायचा ते दाखव." पोरगा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बरं झालं ताई, मलाच भीती वाटायची." केंद्रचालकभाऊ, तुमची पोस्ट त्याला वाचायला दिली. दोनदा वाचली त्याने.

पिन बदलला. वाढदिवस, गाडीचा नंबर वगैरे काही नाही, आणि कुठे लिहिलेलाही नाही. डोंगल गव्हाच्या कोठीशेजारच्या लोखंडी पेटीत आहे, दागिन्यांच्या डब्यात. सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं हे, याला पेटी कशाला?" जीमेलचा पासवर्डही बदलला, कॅलेंडरचं ते पान फाडलं. ठरलं असं की दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मी कार्यालयात. बिल आधी कागदावर बघणार, प्रमाणक (व्हाउचर) जोडलेलं असेल तरच सही. ग्रामसेवकांनी जरा तोंड वाकडं केलं, "मार्चमध्ये बघू" म्हणाले.

आज पहिल्यांदा स्वतः पिन टाकून सही केली. अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीचं बिल. बटण दाबल्यावर पडद्यावर माझं पूर्ण नाव आलं, लग्नानंतरचं. हाताला घाम फुटला होता.

आणि काळा_कोटदादा, तुम्ही म्हणालात "आठ महिने गप्प का होता", ते डोक्यातून जाईना. म्हणून माझ्या नावाने आतापर्यंत झालेल्या सगळ्या पेमेंटची यादी पोर्टलवरून काढून घेतली. अकरा नोंदी. नऊ जुळल्या, कामं डोळ्यांनी पाहिलीत. दोन गटार दुरुस्तीच्या आहेत, एकाच ठेकेदाराच्या, आणि ती गटारं कुठली ते मला सापडत नाहीये. ग्रामसेवकांकडे प्रमाणकं आणि मोजमाप पुस्तिका लेखी मागितलीय, पोच घेतलीय.

बारनिशी | शुक्रवार, रात्री ९:४०

पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे का? नुसती सही असेल तर सोमवारी पुन्हा जा आणि क्रमांक टाकून घ्या.

नवी_कारभारीण | शुक्रवार, रात्री ९:४४

नाही हो, नुसती सही आहे. सोमवारी जाते.